दीड वर्ष वापरलेली साधी सुती पॅन्ट, आणि तिच्यामुळे बदललेलं माझं कपाट

आधीच सांगते, ही पॅन्ट दिसायला अगदी साधी आहे. सरळ पाय, पुढे चुण्या नाहीत, बाजूला दोन खोल खिसे, मागे दोन, कंबरेला एक बटण आणि चेन, बस. फोटोत बघून कुणी थांबणार पण नाही. तरी गेल्या दीड वर्षात मी ह्याच डिझाइनच्या तीन घेतल्या, एक गडद निळी, एक ऑलिव्ह आणि एक काळी, आणि आठवड्यातले चार-पाच दिवस ह्यातलीच कुठलीतरी घातलेली असते, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय. ब्रँडचं नाव देत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि असा कट बऱ्याच कंपन्या काढतात, काय बघून घ्यायचं हे कळलं की कुठूनही घेता येते.

आधी माझं कसं चालायचं ते सांगते म्हणजे ही पॅन्ट मला एवढी का आवडली ते कळेल. कपड्यांचं बजेट माझं कायम आखूडच राहिलंय आणि ते सगळं सेलमध्ये जायचं. स्वस्त मिळतंय ना, मग घ्या, मापात थोडं इकडेतिकडे असलं तरी चालेल, असं करत करत कपाट गच्च भरलं पण सकाळी घालायला काही सापडायचं नाही. जीन्स तंग, बसलं की कंबरेत रुतायची आणि संध्याकाळी पोटावर लाल वळ. टॉप छान दिसायचे पण हात वर केला की खांद्यात ओढायचे. एका रविवारी कपडे धुवायला काढताना लक्षात आलं की दर आठवड्याला धुवायला पडतात ते तेच ते सात-आठ कपडे, बाकीचे नुसते घडी घालून ठेवलेले. म्हणजे माझी आवड काय आहे हे मला कुणाला विचारायची गरजच नव्हती, धुण्याचा ढीगच सांगत होता. त्या ढिगात जे होतं ते सगळं सुती, सगळं किंचित सैल, आणि जवळजवळ सगळं एका रंगाचं, नक्षी-प्रिंट काही नाही. फक्त त्यात धड पॅन्ट एकही नव्हती. मग पुढचे दोन महिने काहीच घेतलं नाही आणि त्या पैशांत ही पहिली निळी पॅन्ट आली.

आता कापडाबद्दल. आतल्या लेबलवर ९८ टक्के कॉटन, २ टक्के इलॅस्टेन असं आहे, आणि कापड ट्विल विणीचं, म्हणजे जवळून पाहिलं तर तिरक्या बारीक रेघा दिसतात तसं. जीन्सचं डेनिम पण ट्विलच असतं, हे त्याच घरातलं पण जरा मऊ आणि हलकं. वजन २६० जीएसएम लिहिलंय, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन २६० ग्रॅम. पॅन्टसाठी हा आकडा मला फार बरोबर वाटला, कारण आधी एक पातळ कापडाची घेतली होती ती गुडघ्यात महिन्याभरात फुगली आणि आतल्या खिशाचा आकार बाहेरून दिसायचा, आणि जाड कापडाची घेतली ती उन्हाळ्यात घालवत नव्हती. सुताचं मला सगळ्यात आवडतं ते हे की ते घाम धरतं. साधारण हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून ठेवतो, लिनन १२ च्या आसपास, आणि पॉलिस्टर अर्धा टक्का पण नाही. हा फरक आकड्यात वाचून कळत नाही पण दुपारी खुर्चीवरून उठताना मांडीच्या मागे कापड चिकटलंय की नाही ह्यावरून लगेच कळतो.

इलॅस्टेनबद्दल आधी माझं मत वाईट होतं. हा ताणला जाणारा धागा १९५८ मध्ये ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स ह्यांनी शोधला आणि आता तो बहुतेक पॅन्टमध्ये असतोच, पण प्रश्न किती टक्के हा आहे. माझ्या जुन्या जीन्समध्ये तो बराच जास्त होता, सुरुवातीला मस्त अंगासरशी बसायची आणि वर्षभरात सीटकडे अशी ढिली झाली की पुन्हा आकार धरेना. २ टक्के मात्र पुरतो, खाली बसलं की कापड देतं आणि धुतलं की परत जागेवर येतं. अजिबात नसलं तरी चालतं खरं तर, फक्त मग आसन नीट कापलेलं पाहिजे.

आणि आसन हाच माझ्या मते पॅन्टचा जीव आहे, ह्याबद्दल कुणी बोलतच नाही. दोन पाय जिथे मिळतात तिथपासून वर कंबरेच्या पट्टीपर्यंतचं अंतर, त्याला शिवणारे लोक आसन म्हणतात. आपण सगळे कंबर आणि उंची बघतो, पण पॅन्ट टोचते, रुतते, मागून खाली घसरते किंवा पुढे आडव्या सुरकुत्या पडतात ते बहुतेक वेळा आसनामुळे. ह्या पॅन्टचं पुढचं आसन साडेअकरा इंच आहे आणि मागचं त्याहून बरंच मोठं, त्यामुळे वाकलं तरी पाठ उघडी पडत नाही आणि सतत मागून वर ओढत बसावं लागत नाही. पहिल्या दिवशी ऑफिसातून घरी आल्यावर मला कपडे बदलायची घाई झाली नाही, हे मला रात्री जेवताना लक्षात आलं. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. म्हणून सांगते, ट्रायल रूममध्ये आरशासमोर सरळ उभं राहून काही कळत नाही, उकिडवं बसून बघा, पाय उचलून स्टुलावर ठेवून बघा, दोन मिनिटं मांडी घालून बसून बघा. उभं असताना सगळंच बरं दिसतं.

खिसे! खिशांवर मी एक वेगळा परिच्छेद लिहिणार होते. बायकांच्या पॅन्टला एकतर खिसा नुसता शिवून टाकलेला असतो नाहीतर बोटं जातील एवढाच. ह्याचा खिसा पूर्ण हात जाईल एवढा खोल आहे, फोन उभा राहतो आणि बसताना बाहेर येत नाही. खिशाच्या कोपऱ्यांवर दाट आडवे टाके आहेत, ते नक्की बघा, कारण पॅन्ट पहिली फाटते ती तिथेच. जीन्सच्या खिशांवर तांब्याचे रिव्हेट असतात ना, ते पण ह्याच कारणाने आलेत. जेकब डेव्हिस नावाचे एक शिंपी होते, कामगारांच्या पॅन्टचे खिसे उसवू नयेत म्हणून त्यांनी कोपऱ्यात रिव्हेट ठोकले आणि १८७३ मध्ये कापडाचे व्यापारी लीवाय स्ट्रॉस ह्यांच्याबरोबर त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी पण अडचण तीच होती. माझ्या निळ्या पॅन्टचे कोपरे दीड वर्षानंतर अजून जसेच्या तसे आहेत आणि मी खिशात किल्ल्या, फोन, रुमाल सगळं कोंबते.

साइजचं मात्र डोकं फिरवणारं प्रकरण आहे. माझ्या कपाटात तेव्हा तीन वेगवेगळ्या आकड्यांच्या पॅन्ट होत्या आणि तिन्ही सारख्याच बसायच्या. मला वाटायचं माझंच शरीर काहीतरी विचित्र आहे, मोठा आकडा लागला की दिवसभर मन खट्टू. मग वाचताना कळलं की ह्या आकड्यांमागे ठोस असं काही नाहीच. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सरकारने १५,००० च्या आसपास बायकांची मापं घेतली होती, १९४१ मध्ये ती छापली, त्यावरून १९५८ मध्ये एक प्रमाण ठरवलं आणि ते पण १९८३ मध्ये काढून टाकलं, पुढे जो तो आपापल्या मनाने आकडे टाकतो. त्या मोजणीत पण बायका बहुतेक गोऱ्याच घेतल्या होत्या, म्हणजे पाया पण सगळ्यांसाठी नव्हता. हे वाचल्यावर मला खरंच हलकं वाटलं. तेव्हापासून लेबलवरच्या आकड्याकडे बघणं सोडलं, ह्या पॅन्टची पण नेहमीपेक्षा दोन नंबर मोठी घेतली आणि तीच बरोबर बसली.

आणि इथूनच मी ती गोष्ट केली ज्यामुळे माझे सगळ्यात जास्त पैसे वाचले. निळी पॅन्ट महिनाभर घालून, दोनदा धुऊन, मग पलंगावर सपाट पसरली आणि मेजर टेप घेऊन मोजली. कंबर सपाट साडेसोळा इंच, पुढचं आसन साडेअकरा, मांडी साडेबारा, मोहरी म्हणजे पायाचं खालचं तोंड आठ, आतली उंची म्हणजे दोन पाय मिळतात तिथपासून खालपर्यंत सत्तावीस. हे फोनमध्ये लिहून ठेवलं. तसंच माझ्या सगळ्यात आवडत्या शर्टचं केलं, खांदा, छाती, बाहीची लांबी, मागची उंची. आता ऑनलाइन काही आवडलं की आधी माप बघायचं, माप दिलेलंच नसेल तर सोडून द्यायचं, कितीही स्वस्त असो. वापरलेले कपडे घ्यायलाही मी आधी घाबरायचे कारण परत करता येत नाहीत, आता विकणाऱ्याला सरळ विचारते की सपाट ठेवून छाती किती इंच, आणि दोन सुंदर लिनन शर्ट मला असेच मिळाले, ते पण आधी कुणीतरी धुऊन धुऊन मऊ केलेले. वापरलेल्या कपड्याचा हाच मोठा फायदा, जेवढं आटायचं तेवढं आटून झालेलं असतं, रंग जायचा तेवढा गेलेला असतो, समोर आहे तेच घरी येतं.

आता तक्रारी, आणि त्या लहान नाहीत.

दुसरी, म्हणजे ऑलिव्ह, मी डोळे झाकून मागवली कारण डिझाइन तेच, माप तेच. आली तर हाताला वेगळीच लागली, गुळगुळीत आणि थंड. लेबल बघितलं तर अर्ध्याच्या वर पॉलिस्टर. नाव तेच, फोटो तोच, फक्त रंग बदलला तर कापड बदललेलं! पेजवर खाली कुठेतरी रंगानुसार कापड वेगळं असू शकतं असं लिहिलेलं होतं पण ते कुणाला दिसणार. परत केली आणि दोन महिन्यांनी सुती ऑलिव्ह आली तेव्हा घेतली. तेव्हापासून प्रत्येक रंगाचं लेबल वेगळं वाचते, तुम्ही पण वाचा.

मग ऑलिव्हचा उजवा पाय फिरला. म्हणजे चार-पाच धुण्यांनंतर बाजूची शिवण हळूहळू पुढे येऊन नडगीवर बसली. ट्विलची वीण तिरकी असते, त्यामुळे पाण्यात ताण सुटला की कापड एका बाजूला ओढ घेतं, आणि कापताना कापड सरळ धरलेलं नसेल तर ते जास्तच होतं. शिंप्याकडे पण ह्यावर इलाज नाही. घालायला अडचण काहीच नाही पण मला दिसतं आणि खटकतं. घेताना पॅन्ट झटकून घडी घालून बघा, दोन्ही शिवणा एकमेकींवर सरळ येत नसतील तर दुसरा नग मागा.

निळीची चेन नवव्या महिन्यात अडकायला लागली आणि मग दात सोडून दिले. एवढं चांगलं कापड आणि चेन मात्र हलकी, हे मला पटलं नाही. नवी बसवून घेतली आणि ती आजपर्यंत मस्त चालतेय. काळी पॅन्ट गुडघ्यांवर आणि खिशाच्या कडेला राखाडी पडली, पण त्यात थोडी चूक माझी पण आहे कारण पहिले काही महिने मी ती सगळ्यांबरोबर गरम पाण्यात टाकत होते.

धुण्याचं माझं आता असं असतं की चेन लावून, उलटी करून, थंड पाण्यात, आणि दोन-तीनदा घातल्याशिवाय धुवायचीच नाही, डाग पडला तर तेवढाच भाग हाताने. वाळत घालताना सावलीत, कंबरेकडून उलटी टांगून. इस्त्रीच्या चित्रात दोन ठिपके आहेत म्हणजे १५० डिग्रीपर्यंत चालते, सुताला तीन ठिपक्यांची २०० पण चालली असती पण आतला इलॅस्टेन उष्णतेने मरतो म्हणून दोनच. लेबलवरच्या त्रिकोणावर काट आहे, म्हणजे ब्लीच नको, ते मी पाळते. ही चित्रं एकदा पाठ केली की खरंच खूप कपडे वाचतात.

अल्टरेशनबद्दल पण सांगायलाच पाहिजे कारण मूळ पॅन्ट मला लांब होती. इथे एक चूक करू नका, आणल्या आणल्या उंची कमी करून घेऊ नका, आधी दोनदा धुवा. विणताना आणि पुढच्या प्रक्रियेत धागे ताणले जातात आणि पाणी लागलं की परत आखडतात, म्हणून सुती कापड आटतं. सॅनफोर्ड क्लुएट ह्यांनी १९३० मध्ये कापड आधीच यंत्रात दाबून आटवून घ्यायची पद्धत काढली, लेबलवर सॅनफोराइज्ड असं दिसतं ते त्यांच्याच नावावरून, आणि तसं केलेलं कापड फारच कमी आटतं, पण प्रत्येक पॅन्टचं केलेलं असतंच असं नाही. माझी निळी जवळजवळ पाऊण इंच आटली. आधीच कापली असती तर घोट्याच्या वर गेली असती. धुतल्यानंतर उंची केली आणि जास्तीचं कापड न कापता आत दुमडून ठेवायला सांगितलं म्हणजे लागलं तर सोडवता येईल. कंबर मागच्या मधल्या शिवणीतून इंचभर घेतली. पण हे सगळं करताना एक समजून घ्या, उंची, कंबर, मोहरी ही कामं सोपी, आसन वाढवणं किंवा शर्टाचा खांदा उतरवणं हे अवघड आणि महाग, तिथे कपडा आधीच बरोबर पाहिजे. मी तर आता नवीन कपडा घ्यायच्या आधी कपाटातला एखादा जुना अल्टर होऊन घालता येईल का हे बघते. पाच वर्षं पडून असलेला एक शर्ट फक्त बाह्या तीन इंच कमी करून आज माझ्या आवडत्या कपड्यांत आहे.

ह्या पॅन्टमुळे वर काय घालायचं ते पण आपोआप ठरत गेलं. खाली सरळ आणि जरा सैल असल्यामुळे वर फार ढगळ घातलं की मी सगळीकडून चौकोनी दिसते, तेव्हा शर्ट एकतर आखूड नाहीतर पुढून खोचलेला. रंग म्हणाल तर पांढरा, फिका निळा, मातकट आणि एक गडद लाल, हे चारही तिन्ही पॅन्टवर जातात, त्यामुळे अंधारात हाताला येईल ते घातलं तरी चालतं. मैत्रीण म्हणाली, अगं तू रोज एकसारखीच दिसतेस. मी म्हटलं हो, आणि मला ते आवडतंय. खरंच आवडतं. पूर्वी बाहेर जाताना मनात सतत चालू असायचं की हे वर सरकलंय का, पोट दिसतंय का, ते आता बंद झालंय, समोरच्याचं बोलणं मी नीट ऐकते.

पैशांचा हिशोब म्हणाल तर पॅन्ट स्वस्त नव्हती, सेलमधल्या एका पॅन्टच्या जवळजवळ तिप्पट. पण निळी मी आत्तापर्यंत शंभर-सव्वाशे वेळा तरी घातली असेल आणि सेलमधल्या त्या जीन्स मिळून वीसदा पण नाहीत. तरी कर्ज काढून किंवा हप्त्यावर मात्र घेऊ नका, एक घ्या, धुवा, दोन महिने घाला, मग दुसरीचं बघा. तिन्ही एकदम घेतल्या असत्या तर पहिल्या मापाची चूक तीनदा झाली असती.

कुणी घेऊ नये ते पण सांगते. मांड्या आणि कंबर ह्यात खूप फरक असेल तर सरळ पायाचा हा कट मांडीवर ओढेल, तुम्हाला कंबरेपाशी चुण्या असलेला कट जास्त सुखाचा जाईल. ज्यांना कंबरेला बटण टोचतं, पोटाचं ऑपरेशन झालंय किंवा बाळंतपण नुकतंच झालंय त्यांनी मागे इलॅस्टिक असलेली बघा. उंच असाल तर आतली उंची मागवायच्या आधी विचाराच, ह्यांच्याकडे लांब पायाची येत नाही.

मी पाचपैकी चार देईन, एक गेला चेनसाठी आणि न सांगता कापड बदलण्यासाठी. सध्या मातकट रंगाची नवीन आलीय, लेबलचा फोटो मागवून बघितला, ९८-२ च आहे. पण निळीच्या गुडघ्यांत अजून दम आहे, शिवण पण कुठे उसवलेली नाही, त्यामुळे अजून घेतलेली नाही.